सही जुळत नाही

सविता निकमला भांडखोर म्हणणारे लोक तिच्या बाजूला कधी उभे राहिलेले नाहीत. मी राहिले आहे. नाशिकच्या एका प्रसूतिगृहात आम्ही दोघी अकरा वर्षं लेबर रूमच्या नर्स आहोत. तिचा आवाज चढतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा चूक समोरच्याची असते. दहाव्या वेळी ती माफी मागते, तीही आवाज चढवूनच.

देवळाली कॅम्पाहून येणाऱ्या बसमधून ती उतरते तीच भांडायच्या तयारीत. तिचं खरं वैर एका वाक्याशी. कळा सुरू झालेली बाई पाठीतलं इंजेक्शन, म्हणजे एपिड्युरल, मागते. घरचे म्हणतात, "एवढ्यात नको." चार तासांनी तीच बाई पलंगाची दांडी पिरगाळत असते, तेव्हा तेच लोक म्हणतात, "आता कशाला, होतच आलंय." मग वेळ होते तरी कधी? आम्ही शिकलो तेव्हा गर्भपिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडेपर्यंत थांबायचा नियम होता. तो कधीच मागे पडला. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यात आणि बाई मागतेय, एवढं पुरे, असं आमचे डॉक्टरच सांगतात. म्हणून दाखल होतानाच सविता प्रत्येकीला विचारते, "हवंय का? लाजू नकोस."

गेल्या डिसेंबरात दिंडोरीकडची सायली आली. तेवीस वर्षांची, पहिलं बाळंतपण. सोबत सासू कुसाबाई. नवरा रविराज ओझरला कारखान्यात, सकाळच्या पाळीला. नऊ वाजता तीन सेंटिमीटर. सविताने विचारण्याआधीच पोरगी म्हणाली, "सिस्टर, ते इंजेक्शन द्या ना."

"अगं, एवढ्यात कुठं?" कुसाबाई म्हणाल्या. "लय टाइम हाय अजून. जरा कळ काढ. आम्हाला व्हतं का कोणी इंजेक्शन द्यायला?"

"नव्हतं, म्हणून हिलाही नको?" सविताने संमतीचा फॉर्म सरळ सायलीपुढे धरला. डॉक्टरांचा होकार होता, भुलीचे डॉक्टर वरच्याच मजल्यावर मोकळे होते. दोन कळांच्या मधे सायलीने घाईघाईत सही केली.

सगळं अडलं ते त्या सहीपाशी. सही होती सृष्टी मोतीराम गांगुर्डे. फाइलवर नाव होतं सायली रविराज पिंगळे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून सासरच्यांनी तिला सायली केलं होतं. दोन वर्षं ती त्या हाकेला ओ देत होती. पण जीव कळवळला तेव्हा हात शाळेतल्या नावाकडे गेला. आधार कार्डही त्याच नावाचं.

"नाव जुळत नाही," काउंटरवरचे खंडेराव म्हणाले. "नवऱ्याची सही आणा. उद्या काही झालं तर कोण निस्तरणार?"

"अहो, बाई तीच आहे ना? आधार बघा आणि फाइल दुरुस्त करा. दोन मिनिटांचं काम!"

"मॅडमना विचारावं लागेल."

प्रसूतिगृहाच्या प्रमुख मॅडम मीटिंगमध्ये. रविराजचा मोबाइल कारखान्याच्या गेटवर जमा. सविता काउंटर ते लेबर रूम चपला वाजवत फेऱ्या मारत होती आणि आत ती पोरगी माझं मनगट धरून विचारत होती, "आले का डॉक्टर?" मीही सविताला म्हटलं, "थांब जरा, नोकरी जाईल." त्याची मला आजही लाज वाटते. एका सज्ञान बाईला स्वतःच्या पाठीत टोचून घ्यायला नवऱ्याची सही लागते, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? कुठल्याच नाही. आम्ही आपले मागत आलोय.

गेटवरून निरोप मिळाल्यावर रविराज धापा टाकत आला साडेबाराला. कशाची सही, हेही त्याने विचारलं नाही, कुठे करू म्हणाला आणि सही केली. तोवर भुलीचे डॉक्टर सिझेरियनला अडकले होते. ते मोकळे होऊन आले तेव्हा बाळाचं डोकं दिसत होतं. "आता उशीर झाला," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, म्हणूनच संताप झाला.

मुलगी झाली, दोघी सुखरूप. संध्याकाळी कुसाबाई पेढे घेऊन आल्या. चेहरा फुललेला.

"बघा सिस्टर, निभावलं ना माझ्या सुनेनं इंजेक्शनाबिगर!"

सविता तोंड उघडणार, इतक्यात पलंगावरून आवाज आला. ओरडून ओरडून बसलेला.

"मला निभावायचं नव्हतं, आई. मला इंजेक्शन हवं होतं."