अडलं ते कुंकवानं की आट्यानं?

माझं डोकं लवकर तापतं. स्क्रू भोकात जाईना की मी स्क्रूशीच भांडतो, आणि दुकानातले सगळे हसतात. पण त्या दिवशी भांडायची सोय नव्हती. समोर अक्का बसल्या होत्या.

जळगावात परवान्याच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या दुकानात मी कारागीर आहे. अक्का चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. त्यांच्या मालकांनी रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेली रायफल ते गेल्यापासून आमच्याकडे जमा होती. आता परवाना लेकीच्या नावावर झाला होता आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती रायफल घरी नेणार होती. नळीवर चार भोकं होती. कधीतरी तिथे दुर्बीण बसवलेली, ती फुटली, भोकं तशीच राहिली. आरपार नव्हती, पण पाणी साचून गंज धरला असता. लेक म्हणाली, बुजवून द्या.

अक्कांची एक अट होती. दर खंडेनवमीला शस्त्रपूजेत मालक नेमके त्या भोकांवरच कुंकवाचं बोट टेकवायचे. इतक्या वर्षांचं कुंकू तेलात मुरून तळाशी घट्ट बसलं होतं.

"भाऊ, त्यास्ना हातनं शे ते," अक्का म्हणाल्या. "बठ्ठं मझारच राहू दे."

सगळं आतच ठेवतो म्हणालो. त्यात काय एवढं! स्क्रू आखूड करायचा आणि कुंकवाच्या वर बसवायचा, झालं.

कसलं झालं! साडेतीन मिलिमीटरचा स्क्रू घेतला. दोन फेरे छान गेला आणि घट्ट झाला. शिलाई मशीनचा जुना स्क्रू लावून पाहिला, तो तर तोंडालाच अडला. पुन्हा साडेतीनचा. पुन्हा दोन फेरे, पुन्हा घट्ट. आता हा अडतोय कशानं? खाली कुंकू लागलं म्हणून, की आटेच वेगळे आहेत म्हणून? जोर लावावा तर आटे मरतील. सोडून द्यावं तर लेक दुसऱ्या दिवशी दारात. आटे मोजायच्या गेजची पाती भोकात शिरत नाहीत. काडी तासून दाबली, ठसा उमटेल म्हणून. काडी लाल होऊन आली, ठसा धड नाही. मोबाईलवर फोटो काढून मोठा करून पाहिला. लाल, काळं, पुन्हा लाल. माझी मतीच गुंग झाली.

अक्का संध्याकाळच्या एसटीनं गेल्या. शेठजी गल्ल्यावरून म्हणाले, "रॉकेलनं धुऊन टाक. त्यांना काय कळणार आहे?"

मी शेठजींवर खेकसलो. आणि अर्ध्या तासानं तेच केलं. एकच भोक, सगळ्यात मागचं. सुई फिरवली, रॉकेल सोडलं, चिंधीनं टिपलं. आटे स्वच्छ दिसले. साडेतीनच्या स्क्रूपेक्षा बारीक होते, इंचाला अठ्ठेचाळीस. जुन्या दुर्बिणींच्या स्क्रूंचा एक डबा आमच्याकडे पडून होता. त्यातला एक घेतला, जुळतो का म्हणून आधी न धुतलेल्या भोकात लावला. बोटानं फिरवत गेलो, तर सरळ कुंकवापर्यंत उतरला. कुठेही अडला नाही.

म्हणजे कुंकू बिचारं मध्ये आलंच नव्हतं. माझाच स्क्रू चुकीचा होता. धुवायची काडीचीही गरज नव्हती.

कुंकू टिपलेली ती चिंधी शोधायला मी कचऱ्याच्या पेटीत हात घातला. सगळ्याच चिंध्या तेला-गंजानं तांबूस झालेल्या. त्यातली कुठली, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

चारही स्क्रू कापले, घासले, नळीशी सपाट बसवले, काळे केले. बघणाऱ्याला चारही सारखेच. गप्प बसलो असतो तर कुणालाच कळलं नसतं, हे मला रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी लेक सह्या करत होती. अक्कांनी अंगठा एकेका स्क्रूवरून फिरवला. "शे ना मझार?"

"अक्का, तीन भोकांत आहे," मी म्हणालो. "शेवटच्यातलं मी धुतलं. चुकलो."

अक्कांचा अंगठा तिथेच थांबला. "तुले सांगेल व्हतं ना!"

"हो."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला खाली बघून उभं राहता आलं असतं.

"तो काढी दे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, राग. मागचा स्क्रू काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी पदराच्या टोकाला बांधला आणि लेकीला हाक मारली. तिचं बोट धरून, कुंकू लावावं तसं, त्या रिकाम्या भोकावर टेकवलं.

"उद्या नवमी शे," त्या तिला म्हणाल्या. "हाई तुनं."