ड्रिलमध्ये मी बेशुद्ध होते

त्या दिवशी तिथं सेफ्टीचे तावडे साहेब होते, आमचा ठेकेदार रमेशभाऊ होता, माझ्याबरोबर झाडूपोछा करणारी सुशीला होती, फायर टीममधला जिमवाला विकी होता. मी पण होते, पण बेशुद्ध.

म्हणजे बेशुद्ध पडायचं काम मला दिलं होतं. आमच्या बोईसरच्या कंपनीत मॉक ड्रिल करतात. आग लागली असं धरायचं, भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी पळायचं. एकाला कॅज्युअल्टी करतात, म्हणजे धुरात पडलेला माणूस. त्याला उचलून खाली मैदानात आणायचं.

सकाळी सगळ्यांची फिटनेस टेस्ट घेतली. कोपरांवर आडवं ताठ राहायचं, त्याला प्लँक म्हणतात. मी विचारलं, "साहेब, यानं लादी पुसली जाते काय?" साहेब हसले नाय. मी धपकन पडले.

रमेशभाऊ म्हणाला, "मावशी, अनफिट लिहिलं तर पुढच्या महिन्यापासून घरी बसा. मी तरी काय करू?"

नवरा वारल्यापासून घर याच पगारावर चाललंय. पळता येत नाय तर निदान नीट पडू, म्हटलं. गप वरच्या मजल्यावर जाऊन लादीवर झोपले.

भोंगा वाजला. विकी धावत आला आणि हात गोल गोल फिरवत उभा राहिला.

"काय करतोस रे?"

"वॉर्मअप. नायतर मसल खेचतो."

"मी जळतेय ना?"

"मावशी, बेशुद्ध माणूस बोलत नाय."

मग कमरेला पट्टा बांधला. वाकला. माझं वजन काय फार नाय, पण जिममधल्या दांड्याला पकडायला जागा असते, मला नाय. हात धरले तर पाय लोंबतात, पाय धरले तर डोकं.

"जरा माझ्या गळ्यात हात टाका ना."

"मी बेशुद्ध हाय."

त्यानं जोर लावला. कट् आवाज आला. मला वाटलं, माझं हाड. पण विकीच माझ्या शेजारी आडवा.

"कंबर गेली, मावशी. उठता येत नाय."

खालून साहेब माइकवर ओरडत होते, "विकी, टाइम संपतोय!" मी उठले तर ड्रिल फेल, माझं काम गेलं. नाय उठले तर हा पोरगा कण्हत पडणार. उठले.

बाजूला कँटीनचं खरकटं न्यायची माझी ट्रॉली होती. डबे उतरवले, विकीला तिच्यावर लोळवला. रोजचा रॅम्प. उतारावर ट्रॉली सरळ सोडायची नाय, भिंतीला घासत न्यायची, म्हणजे वेग धरत नाय.

"वास कसला येतोय?"

"कालची कढी. डोळे मीट."

मैदानात साहेबांनी विचारलं, "कॅज्युअल्टी कुठंय?"

"मी."

"मग हा कोण?"

"मला वाचवायला आलेला."

"तुम्ही बेशुद्ध होता ना? चालत कशा आलात? ड्रिल कॅन्सल!"

विकीला दवाखान्यात पाठवलं. परत भोंगा, परत मी लादीवर. या वेळी सुशीला आली, पदर खोचून मला त्याच ट्रॉलीवर टाकलं, आणि आणलं. ड्रिल पास.

माझ्या नावापुढं अनफिटच लिहिलं. पण रमेशभाऊ साहेबांना म्हणाला, "हिला राहू द्या. वजनानं हलकी हाय, दर ड्रिलला पडायला बरी." साहेबांना पटलं.

म्हणून मी अजून कामावर हाय. काम टिकवायला दर वेळी जोर लागतोच असं नाय, कधी नुसतं हलकं असावं लागतं.

तुमच्याकडं ड्रिल असली तर एवढंच करा, बेशुद्ध माणसाच्या खाली एखादं गोणपाट अंथरा. लादी जाम गार असते.