दाराआडचं बटण

मी चौथी शिकलेला सरकारी ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर दिल्लीतलं सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडलं आणि गुडगावात स्वतःचा जुना फ्लॅट घेतला. तेव्हा तिकडे चार इमारती सोडल्या तर सगळं रान होतं. बायकोला यायचंच नव्हतं, पण मी हटून बसलो.

वायरिंग नवं करायला आलेल्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. कानावर पेन्सिल, तोंडात बडीशेप, आणि काम सुरू करण्याआधी भिंतीवर टिचक्या मारायची सवय. बटणं कुठं हवीत ते मी त्याला ठणकावून सांगितलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बायकोकडे वळला.

"माताजी, ज़रा किचन में आइए, जैसे सुबह उठकर आती हैं."

ती आली. तिचा हात आपोआप डावीकडे दाराआड गेला. तिथं कोरी भिंत. ती ओशाळून म्हणाली, "सरोजिनी नगर में यहीं था."

मिस्त्री मला म्हणाला, "बाबूजी, माताजी आ गईं, हाथ अभी वहीं है."

माझा सगळा ताठा उतरला. पण आवाज चढवूनच म्हटलं, "तो यहीं लगाओ!"

"दरवाज़े के पीछे? लोग मुझे अनाड़ी कहेंगे."

"घर मेरा है, लोगों का नहीं."

तो हसला आणि तिचा हात होता तिथंच त्याने पेन्सिलीने फुली मारली.

आजही पाहुणे स्वयंपाकघरात उजवीकडची भिंत चाचपडत राहतात. मी मुद्दाम सांगत नाही. ही दाराआड हात घालून दिवा लावते आणि ऐटीत म्हणते, "आमच्या घरात असंच आहे."