धुमालच्या गाडीचे नवे नोझल

आमच्या पिकअपला आयुष्यात एकच काम आहे, हळू चालणं. आमचा धुमाल आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. पिकअपच्या डाल्यात साउंड बॉक्स रचायचे, त्यांच्यापुढे ढोलवाले, ताशेवाले आणि पॅडवाला उभे करायचे, आणि गाडी वरातीच्या पुढे चालवायची. गाडीच्या मागे नाचणारे, नाचणाऱ्यांच्या मागे घोड्यावर नवरदेव. ढोल माझा नवरा वाजवतो, गाडी धाकटा दीर चालवतो, बुकिंग मी घेते. भांडणंही मीच करते, कारण ह्या दोघा भावांना तोंड दिलेलं आहे ते फक्त जेवायला.

मी लग्न होऊन आले तेव्हा दीर शाळेत होता. तेव्हापासून मी त्याला बाबू म्हणते, आणि तिशी उलटली तरी बाबूच म्हणते. तीन ठिकाणी मुली पाहून झाल्या. तिन्ही घरांनी पोहे खाऊ घातले, "कळवतो" म्हणाले आणि आजतागायत काही कळवलं नाही. माझ्या जिवाला घोर लागला होता. सासूबाई गेल्या तेव्हा ह्याचा हात माझ्या हातात देऊन गेल्या, आता हा म्हातारा होईपर्यंत मीच ह्याच्या ताटात भाजी वाढायची की काय?

अशात नागझिऱ्याकडच्या एका गावातून निरोप आला. मुलगी जंगलात गाईड आहे, पर्यटकांना वाघ दाखवायला नेते. त्यांनी आपणहून विचारलं होतं. आपणहून! आमच्या बाबूला! मी निरोप आणणाऱ्याला दोनदा विचारलं की घर चुकला तर नाहीस ना. तो म्हणाला, आमगावच्या लग्नात तुमचा धुमाल आहे, त्या लग्नाला ते लोक येणार आहेत, तिथेच मुलगा पाहतील. मी लगेच बाबूसाठी नवा शर्ट शिवायला टाकला.

पण बाबूचं डोकं भलतीकडे चाललं होतं. भातगिरणीचा कोंडा वाहणारा त्याचा एक दोस्त त्याला चिडवायचा, "तुह्या गाडीले तं बैलबंडीबी कट मारून जाते." त्यावरून ह्यानं मनाशी पक्कं केलं की मुली नाही म्हणतात त्या गाडीच्या ह्या हळूपणामुळेच. डायवर हळू, म्हणजे माणूसही ढिला. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की बाबा रे, तू पाहुण्यांसमोर मान खाली घालून चपलेकडे पाहत बसतोस, गाडीचा काय दोष? पण मला विचारतो कोण.

एके दिवशी हा गोंदियाला गेला आणि एका मिस्त्रीकडे गाडी लावली. इंजिनात डिझेल फवारणारे कंपनीचे नोझल काढले, मोठे टाकले, वरून लॅपटॉप लावून ट्यूनिंग केली. मिस्त्री म्हणे त्याला बोलला, "भैया, गाड़ी नहीं, गोली बनेगी." घरी आला तेव्हा चेहरा असा फुललेला की मला वाटलं लग्नच ठरवून आला.

"वयनी, बसा. एक चक्कर मारून आनतो."

मी बसले. बसले तीच चूक. त्यानं पाय दाबला आणि माझं डोकं मागे आपटलं, अंबाडा सुटला. शेजारणीनं रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली मोहफुलं चाकाखाली गेली. ती काय ओरडत होती ते ऐकू येईपर्यंत आम्ही नाल्याच्या पलीकडे होतो.

"पाय काढ, मेल्या!"

"मजा नाई आली का?"

"बाबू, मागं आपले ढोलवाले उभे राहतात. त्यांले तू फेकून देशील ना!"

"हळूबी चालते ना वयनी. हळू चालवाले का लागते?"

मिस्त्रीला हा सगळं विचारून आला होता. ओढ किती वाढेल, घाटात कशी चढेल, डिझेल किती पिईल. ही गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या पुढे तासन्‌तास रांगू शकेल का, एवढं एकच विचारलं नव्हतं.

आमगावला वरात निघाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पानठेल्याजवळ मुलीकडचे उभे होते. वडील कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, मुलगी त्यांच्या बाजूला, आणि काठी टेकत तिची आजी. मी लांबूनच हात जोडले. बाबूनं ते पाहिलं, नव्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि क्लच सोडला.

गाडीनं उडी मारली. ताशेवाला बॉक्सला लटकला. आणि मागून काळा धूर निघाला, भातगिरणीच्या चिमणीतून निघतो तसा, भसकन.

नाचणाऱ्या पोरांना वाटलं ही धुमालवाल्यांची नवीन आयटम आहे. एकानं शिटी मारली. "अजूक एक!" म्हणून ओरडले. बाबूनं आणखी एक दिला, द्यायचा नव्हता तरी. मग तिसरा. तिसऱ्यानंतर कोणी शिटी मारली नाही. पांढऱ्या कपड्यांत आलेली पोरं स्वतःकडे पाहायला लागली. घोडा शिंकला. नवरदेवाचा फेटा सकाळी गुलाबी होता.

मी धावत खिडकीशी गेले. "पाय काढ!"

"काढलाच आहे वयनी!"

"मंग ठेव!"

"ठेवला का धूर येते, काढला का उड्या मारते!"

नवरदेवाचा मामा रुमालानं तोंड पुसत आला. "काहो धुमालवाले, हे वरात होय का विटाची भट्टी होय?" मी त्याच्याशी भांडायला तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडात धूर गेला. पानठेल्याकडे पाहायची माझी हिंमत होईना. पाहिलंच शेवटी. मुलीच्या वडिलांचा शर्ट आता चुलीमागच्या भिंतीसारखा दिसत होता. संपलं, मी मनात म्हटलं. हे चौथं घर तर आपणहून आलं होतं!

बाबूनं इंजिन बंद केलं. गाडी न्यूट्रलला टाकली, दार उघडून खाली उतरला, एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि खांदा लावून गाडी ढकलायला लागला. वर वाजणं चालूच होतं, त्याला जनरेटर वेगळा. त्याचा चेहरा लाल झाला होता. मी पदर खोचला आणि मागून जोर लावला. वरातीतले चार-पाच जण आले. माझ्या बाजूला एक बाई येऊन टेकली, तिच्याकडे पाहिलं तर तीच मुलगी.

"हे गाडी कधीपासून अशी झाली?" तिनं विचारलं.

"परवापासून," मी दात-ओठ खात म्हटलं.

"मांगच्या साली तं चांगली होती."

मी वळून पाहिलं. वर ढोलवाले दम खायला थांबले होते, तेवढ्यात ती ढकलता ढकलताच सांगू लागली. मागच्या वर्षी तिच्या चुलतभावाच्या लग्नात आमचाच धुमाल होता. आजीचे गुडघे गेलेले, पण नातवाच्या वरातीत नाचायचा हट्ट. सगळे म्हणत होते म्हातारीला कारमध्ये बसवा. "तं तुमचा डायवर आरशात पाहून पाहून गाडी चालवून राहिला होता. आजी थांबली का हा थांबे. आजी चालली का हा चाले. कोनी त्याले सांगतलं नव्हतं. आजीनंच घरी म्हटलं, हा पोरगा पाहा. मले तं जंगलात रोज गाडीवाल्यांले सांगा लागते, हळू चाल, हळू चाल. कोनी आयकत नाई."

माझे पाय जागच्या जागी थांबले. दाराशी बाबूनंही ढकलणं सोडलं होतं, त्याला सगळं ऐकू गेलं होतं. असा राग आला मला, आणि रडूही आलं. अरे गाढवा, तुझ्याजवळ जे होतं तेच काढून देऊन आलास की रे!

मुलगी पुढे गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "पहिल्यासारखी होते का हे?"

बाबूनं मान वर केली. पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच. "होते."

"मंग करून घ्या लवकर. आजीचे टोंगळे आता अजूक खराब झाले."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्यासोबत गोंदियाला गेले. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "पावर घटवाने आए हो? आज तक कोई नहीं आया. क्यों, भैया?"

बाबू म्हणाला, "शादी करनी है."

मिस्त्री माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "पाहता काय, काढा ना नोझल!"

त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. नवरदेवानं गाडी चालवायची नसते, म्हणून एक भाड्याचा डायवर पाहिला. मुलीच्या गावाच्या शिवेवर तिच्याकडचे लोक वरात घ्यायला आले आणि त्यांच्यातून आजी निघाली, काठीसकट वरातीत शिरली, गाडीच्या मागे जाऊन हात वर करून नाचायला लागली. तो डायवर मात्र त्याच्या तालात. गाडी पुढे निघून जायची, म्हातारी मागे राहायची, वाजणं तिच्यापासून लांब जायचं.

बाबू घोड्यावरून उतरला. बाशिंग बांधलेलं, गळ्यात हार, तसाच गाडीकडे गेला. दार उघडून म्हणाला, "उतर भाऊ."

आमच्या घरच्या मोठ्या माणसांनी एकच गलका केला. घोडेवाल्याला काही सुचेना, तो रिकामा घोडा घेऊन मागून चालू लागला. आजी चार पावलं नाचे, काठीवर वाकून दम खाई, पुन्हा नाचे. तेवढाच वेळ गाडी थांबे, तेवढीच चाले. धूर नाही, उडी नाही. मांडवातून भटजींचा माणूस येऊन गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला, ह्या वेळी ओरडतच.

मी तरातरा खिडकीशी गेले. "बाबू, मुहूर्त टळून राहिला! दाब आता जरासा!"

त्यानं डोळ्यांवर आलेल्या मुंडावळ्या एका हातानं बाजूला धरल्या होत्या. नजर आरशातून हलली नाही.

"वयनी," तो म्हणाला, "आजीचं अजून झालं नाई."

मी भटजींच्या माणसाला परत पाठवलं आणि मागे जाऊन म्हातारीच्या बाजूला नाचायला लागले.