सासऱ्यांची कबर

नवऱ्यानं लहानपणीच सोडलेल्या गावी मी कार्डिफहून चार शनिवार ट्रेननं गेले. तिथली कोळशाची खाण कधीच बंद पडलीय. चर्चची जुनी रजिस्टरं सांभाळणारे म्हातारे गृहस्थ त्याच खाणीतले कामगार. पान उलटण्याआधी ते प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत आणि "हा आमच्या शिफ्टचा," म्हणून हसत.

मी शोधत होते त्या नावाशी मात्र ते थांबले. "हे तुमचे कोण?"

"सासरे."

"संपात आम्ही वर्षभर अर्धपोटी राहिलो. हा कामावर गेला."

तरी त्यांनी मला कबरीकडे नेलं, पण दहा पावलं अलीकडेच उभे राहिले. "गावात सगळ्यांना खांदा दिला मी. ह्याला नाही दिला."

घरी नवऱ्यानं विचारलं, "बाबांना ओळखणारं कुणी भेटलं?"

मी नाही म्हणाले.