खिशातला फ्यूज

यल्लप्पा जॉबर आमच्याकडे माग दुरुस्त करायला आला की पहिल्यांदा मागाकडे बघायचाच नाही. दाराआडच्या बोर्डाकडे जायचा, त्या मागाचा फ्यूज उपसायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकून वरून थोपटायचा. "फ्यूज माज्या खिशात, म्हंजे बोटं माजी माज्यापाशी," म्हणायचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या निम्म्या गल्ल्यांतले यंत्रमाग त्यानं उघडले असतील, पण दहाही बोटं शाबूत होती. जॉबर लोकांत हे नवलच.

आमचा कारखाना म्हणजे राहत्या घराच्या पुढच्या खोलीत चार माग. दुष्काळ सरला त्या वर्षी तिसरा माग बिघडला. चालता चालता बंद पडायचा आणि कुणी हात न लावता पुन्हा खडखडायला लागायचा. वडिलांनी त्याच्यापुढं नारळ फोडला. मी मोटार उघडली, तेल घातलं, पट्टा बदलला. यल्लप्पा हे ऐकून वैतागला. "धाकले मालक, समदं एकदम केलंत. आता गुण आला तरी कशानं आला, कुणाला ठावं? एका टायमाला एकच करायचं की!"

मग तो मागासमोर पोतं टाकून दुपारभर बसून राहिला. माग थांबला की मोटारीला पालथा हात लावून बघायचा, तोंडानं आकडे मोजायचा, माग सुरू झाला की मोजणं थांबवायचा. शेवटी उठला, फ्यूज उपसून खिशात टाकला आणि खाली वाकला. मागाखाली, दातेरी चाकांच्या पलीकडं, वायरीला एक जुना जोड होता. "तापला की सुटतोय, निवला की चिकटतोय. अख्खी वायर बदला. तवर माग बंद."

"सोमवारी व्यापाऱ्याला चादरी द्यायच्यात," वडील म्हणाले. "त्या होऊ देत, मग बघू."

यल्लप्पानं हत्यारं गोळा केली. जाताना फ्यूज मात्र खिशातच घेऊन गेला. मला असा राग आला म्हणता! घर आमचं, माग आमचा, आणि हा कोण टिकोजीराव लागून गेला?

सकाळी उठून मी फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवली आणि माग चालू केला. तासाभरानं तो थांबला. आपोआप सुरू होईल म्हणून मी सगळं तसंच ठेवून चहाला आत गेलो. तेवढ्यात यल्लप्पा आला. कुठून तरी वायरीचं वेटोळं मिळवून, न बोलावता आला होता. माग गप्प उभा, आदल्या दिवशी त्यानं ठेवला होता तसाच. त्या दिवशी तो बोर्डाकडं गेला नाही. जायचं कशाला? खिसा थोपटला आणि जोडाला हात घातला. जोड दाबला गेला, माग सुरू झाला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. आम्ही धावलो तर तो डाव्या हातानं खिशातला फ्यूज काढून सगळ्यांना दाखवत होता. "ह्यो बगा की! हितं हाय फ्यूज, हितं हाय!" लोकांना वाटलं, बरळतोय. त्याला टांग्यात घालत होते तेव्हा मी आत जाऊन तार काढली.

"वय झालं त्याचं. दुसऱ्याच मागाचा फ्यूज नेला असेल," वडील गल्लीला सांगत राहिले. मी शेजारी उभा असायचो. असा चुकणारा जॉबर कोण बोलावणार? यल्लप्पा पुढं एका किराणा दुकानात तराजूपाशी बसू लागला.

मी तो रस्ताच टाळायचो. चार-पाच वर्षांनी एकदा अडलं म्हणून गेलो. साखर जोखता जोखता त्यानं विचारलं, "वायर बदलली का ओ?"

"बदलली."

"कवा?"

"त्याच दिवशी."

"बरं झालं." पुडी माझ्यापुढं सरकवून तो हळूच म्हणाला, "तार तांब्याची हुती न्हवं?"

मी खिशातले पैसे काढून मोजायला लागलो.

"मी कुणाला बोललो न्हाय. म्हटलं, तुमी सांगाल."

साखर घेऊन मी घरी आलो. तेव्हाही कुणाला सांगितलं नाही. आज यल्लप्पा नाही, वडील नाहीत, माग भंगारात गेले, आणि आता मला तोंड फुटलंय.