काजळी धरलेला कागद

मामा गेल्याची तार पनवेलला आली, तेव्हा ती मी दोन तास उघडलीच नाही. याला कारण मामाच. वर्षातून एकदा तरी त्याची इंग्रजी तार यायची आणि तिचा अर्थ ठरलेला असायचा : काल दुपारी तिकडे जमीन हलली काय, ताबडतोब कळवा. आमच्याकडे कधीच काही हललेलं नसायचं. म्हणून मी ती तार देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि 'हे' कोर्टातून येईपर्यंत पोळ्या लाटत बसले. यांनी तार वाचली, टोपी काढली, आणि मी लाटणं हातात घेऊन विचारलं, "मग काय, हललं म्हणून कळवायचं की नाही म्हणून?" या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पण मामाला तो आवडला असता, असंही वाटतं...

माझा मामा रेवदंड्याच्या शाळेत चित्रकला आणि शास्त्र शिकवायचा. पेन्शनीत निघाल्यावर लोक बागायतीत लक्ष घालतात, नाहीतर गीतेत. मामाने लक्ष घातलं जमिनीखाली. कुठल्याशा जुन्या मासिकात त्याने धरणीकंपाची नोंद करणाऱ्या यंत्राचं चित्र पाहिलं आणि तसंच यंत्र घरी करायचं ठरवलं. टांगायला जड वजन हवं, म्हणून मामीच्या जात्याची वरची तळी त्याने मागच्या खोलीत साखळीला लटकवली. मामी दळण घेऊन सहा महिने शेजारी जात होती. त्या तळीला मोरपिसाचा देठ बांधला आणि देठाच्या टोकाला बारीक टाचणी लावली. टाचणीसमोर तुपाचा गोल डबा, त्याच्यावर कागद गुंडाळलेला आणि डबा फिरवायला भिंतीवरचं घड्याळ. जमीन हलली की डबा हलणार, जड तळी जागच्या जागी राहणार आणि टाचणी कागदावर वाकडी रेघ ओढणार, असा सगळा हिशेब. हे घड्याळ म्हणजे मामाचा जीव की प्राण. निम्मा गाव आपली घड्याळं त्यावर लावून घ्यायचा आणि तेवढी एक गोष्ट तरी गावाने मामाकडून गंभीरपणे घेतली होती.

पण खरी गोम कागदात होती. टाचणी इतकी हलकी टेकलेली, की साध्या कागदावर तिचा ओरखडासुद्धा उठेना. मासिकात लिहिलं होतं, कागदावर धुराचा पातळ थर बसवावा. मामाने घासलेटची चिमणी लावली. कागदावर काजळीचे पोपडे धरले, टाचणी त्यात रुतून बसली आणि खोलीभर काळी जळमटं उडाली. मामी दारात उभी राहून दोन दिवस हे बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घासलेटाची काजळी भरडच व्हायची. मी काजळ कशावर धरते, ते तरी बघा."

मग मामीने एरंडेलाची पणती लावली, वात बारीक केली आणि डबा ज्योतीच्या दोन बोटं वर आडवा धरून सावकाश फिरवू लागली. "जवळ नेलंत की कागद करपेल, लांब नेलंत की राखाडी डाग पडतील. धुराला बसायला वेळ द्या. घाई केली की तो बसत नाही." पाव तासात कागदावर असा मऊ, एकसारखा, मखमली काळा थर धरला, की जोरात श्वास सोडला तरी त्यावर खूण उमटावी. जन्मभर पोरांना शास्त्र शिकवलेल्या माणसाने त्या दिवशी बायकोची शिकवणी धरली. पुढे आठ वर्षं रोज सकाळी तो स्वतः कागद धुरावर धरायचा आणि मामी जाता-येता चुका काढायची.

रोजचा कागद दुसऱ्या सकाळी उतरायचा. त्यावर केसासारखी सरळ पांढरी रेघ. रेघेत काही दिसलं, तर कागद स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेत बुडवून पक्का करायचा, म्हणजे काजळी पुसली जात नाही. पण दिसणार काय? नारळ पडला की बारीक काटा उठायचा, गाडी गेली की दुसरा. एकदा मामाने धरणीकंप सापडला म्हणून अख्खी आळी गोळा केली आणि नंतर कळलं, की मामीने स्वयंपाकघरात पोहे कांडले होते. त्या दिवसापासून घरात कायदा झाला : मामाला विचारल्याशिवाय काही कांडायचं नाही. मामी उखळापाशी बसून हाक मारायची, "कांडू का हो?" आतून आवाज यायचा, "थांब, वेळ टिपून घेतो... हं, कांड." समोर हसनशेटची लाकडाची वखार. ते मामाला दर शुक्रवारी नमाजाहून येताना विचारायचे, "मास्तर, जमीन हलायच्या आधी सांगा हां. ओंडके आवरून ठेवतो." आणि बापू वकील तर मामाला 'पाताळचे मामलेदार' म्हणायचे. मामा हसायचा. पण एकदा मला म्हणाला होता, "कमळ, एकदा. मरायच्या आधी एकदाच खरी वाकडी रेघ दिसू दे. मग हसू देत." हे तो गमतीत म्हणत नव्हता.

काही नसलेले कागद मामी फुकट घालवत नसे. मामा ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचा, मामी बोटांनी काजळी निपटून लोण्यात खलायची, आणि आळीतल्या यच्चयावत पोरांच्या डोळ्यांत ते काजळ जायचं.

माझी सुमी वर्षाची झाली, त्या संक्रांतीला मी तिला बोरन्हाणासाठी रेवदंड्याला नेली. दुपारी मी मागच्या पडवीत तिला न्हाऊ घालत होते. तेवढ्यात मामा चपला न घालता घरातून धावत गेला. मी सुमीला नटवून स्वयंपाकघरात नेलं, तेवढ्यात परत आला, तो एका हातात सुताराकडची लाखेची बाटली आणि मागे हसनशेट आणि बापू वकील. दोघांनाही त्याने काही सांगितलं नव्हतं, नुसतं "चला, डोळ्यांनी बघा" म्हणून ओढून आणलं होतं. एवढा उजळलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दाराशी थबकला. आत मामी वाटीत काजळ खलत होती. शेजारी कागद पडला होता. माझ्या मांडीवर सुमी काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बसली होती, डोळे काजळाने भरलेले, गालाला भली मोठी तीट. मामाने कागदाकडे पाहिलं, सुमीकडे पाहिलं, मग मामीच्या काळ्या बोटांकडे पाहिलं.

"मास्तर, काय दाखवताय?" वकिलांनी विचारलं.

मामा म्हणाला, "काही नाही हो. घड्याळच बंद पडलंय. उगाच तुम्हांला त्रास दिला. तिळगूळ घेऊन जा."

दोन दिवसांनी बोटीने वर्तमानपत्र आलं. उत्तरेत मोठा धरणीकंप झाला होता, त्याच दुपारी. वकील अंक घेऊनच आले. "मास्तर, सगळी पृथ्वी हलली, तुमची सुई तेवढी झोपली होती." मामा मान खाली घालून बातमी वाचत होता. एवढंच म्हणाला, "फार माणसं मेली हो तिकडे." गावाने त्यानंतर घड्याळं लावायलाही त्याच्याकडे येणं सोडलं. मीसुद्धा पनवेलला बायकांत ही गोष्ट रंगवून सांगायची. आठ वर्षं वाट पाहिली आणि ऐन वेळी घड्याळ बंद! सगळ्या हसायच्या, आणि सर्वांत आधी मी.

तेराव्यानंतर मामीने मला त्याची ट्रंक आवरायला सांगितलं. चित्रांच्या कागदांमध्ये तो कागद सापडला. लाख देऊन पक्का केलेला, कडक, चकचकीत. काळ्या थरातून चार बोटं फिरलेल्या चार पांढऱ्या वाटा, आणि जिथे बोटं पहिल्यांदा टेकली तिथे कातडीच्या रेषासुद्धा उमटलेल्या. मागे मामाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'संक्रांतीची दुपार. मोठा धक्का. सुईने पाऊण इंच झोका घेतला, मी स्वतः पाहिला. लाख आणायला धावताना कागद खिडकीत ठेवला, तो घरात वापरला गेला. कोणास सांगू नये, हिला वाईट वाटेल.'

मला वाचवेना. तरी मामीला वाचून दाखवलं, कारण लपवणं मला जमलं नसतं.

मामीने तो कागद मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाली, "मी त्या दुपारी न विचारता दाणे कुटले होते गं. तिळगुळात घालायला. कागदावर वाकडी रेघ दिसली, मला वाटलं माझंच कुटणं उमटलं. हे ओरडतील म्हणून आधी तीच पुसली."

"दाण्यांनी पाऊण इंच हलत नाही, मामी."

"ते मला काय ठाऊक? म्हणाले असते एकदा, तर मी वकिलाच्या घरी जाऊन सांगितलं असतं." जराशाने म्हणाली, "तू लिहितेस ना पेपरात? हे लिही. सगळ्यांना कळू दे, यांची सुई झोपली नव्हती. आणि काजळ एरंडेलाचं होतं, तेही लिही. नाहीतर म्हणतील, पोरीच्या डोळ्यांत घासलेट घातलं."

मग तिने आपली चार बोटं त्या चार वाटांवर ठेवली. बरोबर बसली.

"हे आता पुसलं जाईल का गं?"

"नाही. मामाने लाख दिली आहे."

तिने हात उलटा करून बोटं पाहिली. एकही काळं झालं नव्हतं. इतके दिवस आल्यागेल्याला चहा देत कोरड्या डोळ्यांनी वावरलेली मामी तेव्हा रडली.